गावची गाडी कन्याकुमारीला न्यायची तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्ग ४४ धरला की तोच रस्ता हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर, बंगळूर, सेलम, मदुराई करत थेट कन्याकुमारीला पोचवतो. एका बाजूचे साधारण १६०० किलोमीटर. रस्त्याची काळजी फारशी करू नका, गाडीची करा. आपल्याकडची बोलेरो वर्षभर शेत, तालुका आणि बाजार एवढंच करते, चाळीसच्या वर क्वचित जाते. त्या वेगात लपलेले दोष नव्वदने सलग पाच-सहा तास पळाल्यावर एकदमच डोकं वर काढतात.

पहिला नंबर टायरचा. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, हा समज काढून टाका. टायरच्या बाजूवर कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे टायर कधी बनला ते सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी कमी फिरली तरी उन्हात उभं राहून रबर कडक होतं आणि बारीक चिरा पडतात. सहा वर्षं उलटलेला टायर एवढ्या पल्ल्यावर नेऊ नये. दुसरं दुखणं खास आपलं, बाभळीचा काटा. ट्यूबलेस टायरमध्ये तो रुतून बसतो आणि हवा दिवसाला थोडीथोडी जाते. गावात ते लक्षातही येत नाही. महामार्गावर मात्र कमी हवेचा टायर बाजूने सतत मुडपतो, तापतो आणि फुटतो. म्हणून चारही टायरना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. कापलेल्या पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, खुंट बाजूला घुसलं असेल तर पंक्चर काढण्याच्या भानगडीत पडू नका; बाजूची जखम टिकत नाही, टायरच बदला.

हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा. दाराजवळच्या पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, तो घ्या. पळून आलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसते, ती काढायची नाही. आणि स्टेपनी! तिच्यात वर्षभर कोणी हवा बघितलेली नसते.

नंतर रेडिएटर. धुरळा, तुरीचा भुसा, किडे सगळं जाळीत जाऊन बसतं. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाने पाणी मारायचं. वॉशिंगवाल्याचा फवारा जवळून मारला की पातळ पाती वाकतात आणि हवा जाणं आणखी कमी होतं. कूलंट ज्या प्रकारचं आहे तेच घाला, नुसतं विहिरीचं पाणी नको, त्यातल्या क्षारांची आत खपली धरते. एअर फिल्टर झटकून भागवू नका, नवाच टाका. खड्ड्यांतून फिरलेल्या गाडीचं अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करूनच निघा. स्टिअरिंग ऐंशीच्या पुढे थरथरतं ते बहुतेक वेळा बॅलन्सिंग बिघडल्यामुळेच.

हे सगळं निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. पंधरा दिवस आधी करा आणि मग घरची माणसं, सामान भरून नागपूरला जाऊन या. तीनशे किलोमीटरमध्ये गळती, गरम होणं, आवाज जे काय असेल ते कळतं, आणि दुरुस्तीला ओळखीचा मिस्त्री हाताशी असतो.

सोबत पंक्चर किट, बारा व्होल्टचा हवापंप, फॅन बेल्ट, फ्यूज, लिटरभर ऑइल, ओढायचा दोर आणि जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा. कडेच्या मऊ मातीत जॅक खाली जातो, गाडी वर येत नाही. चाकाचे नट घरीच एकदा हाताने सोडवून बघा. मशीनने आवळलेले नट रस्त्यात पान्याला दाद देत नाहीत.

जाऊन-येऊन आणि तिकडचं फिरणं धरून ३५०० किलोमीटर, लिटरला १४ धरलं तर २५० लिटर डिझेल. तेलंगण-आंध्रात ते आपल्यापेक्षा महाग, म्हणून इथूनच टाकी फुल्ल करा. पण पैसे वाचवायला टाकी कोरडी होईस्तोवर ताणू नका, लाइनीत हवा शिरली की गाडी जागेवर बसते. टोलसाठी फास्टॅगचा वार्षिक पास २०२५ मध्ये ३००० रुपयांना सुरू झाला, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष. तो खासगी कार-जीपलाच मिळतो, पिवळ्या पाटीला नाही. हैदराबादच्या आउटर रिंग रोडवर तो चालत नाही, त्यासाठी फास्टॅगमध्ये पैसे ठेवा.

मुक्काम कर्नूल, होसूर, मदुराई असे धरले तर चौथ्या दिवशी दुपारी समुद्र. रात्री निघून पल्ला मारायचा मोह आपल्याकडे फार. पण पहाटेपूर्वी रोही (नीलगायी) आणि रानडुकरं आडवी येतात, कापसाच्या ट्रॉलीला मागे लाइट नसतो. उजाडताना निघा. हैदराबाद शहरात शिरू नका, मेडचलकडून रिंग रोड धरून शमशाबादला उतरा. बंगळूरही टाळता येतं: देवनहळ्ळीहून होसकोटे, मालूर, होसूर.

वेळ म्हणाल तर तूर घरात आली, हरभरा घाट्यावर आहे, असा जानेवारीचा शेवट. ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूत पावसाचे दिवस, आणि जानेवारीच्या मध्यात पोंगलची गर्दी.

धर्मपुरी ते सेलममधला तोप्पूर घाट मात्र आधीच डोक्यात ठेवा. सेलमकडे जाताना लांबच लांब उतार आहे आणि अपघातांसाठी तो कुप्रसिद्ध आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकलेले ट्रक तिथे ब्रेक गमावतात. सपाट मुलखातल्या ड्रायव्हरला चिखलदऱ्यापलीकडे घाटाची सवय नसते, तो पाय ब्रेकवरच ठेवतो. उतार लागायच्या आधीच गिअर खाली घ्या, इंजिनाने गाडी धरू द्या, ब्रेक थांबून-थांबून दाबा. पुढच्या ट्रकमागे लांब राहा आणि मागून येणाऱ्यावरही आरशात नजर असू द्या. ब्रेकचा जळका वास आला तर मोकळी जागा बघून थांबा, हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. चाकांवर पाणी ओतायचं नाही, तापलेली डिस्क वाकडी होते.