एकशे त्रेपन्न मासे

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेचा निरोप कुवेतला आला आणि त्या रात्री झोप लागली नाही. लिहायचं शाळेवर, पण मनात उभ्या राहतात त्या आमच्या बाई. नाव लिहीत नाही; आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच.

पहिल्या तासाला हिंदू मित्र नीतिशिक्षणाला जात, आम्ही बाईंकडे धर्मशिक्षणाला. ईस्टर झाला की घरोघरी सगळे सैल पडत, त्यात वार्षिक परीक्षा तोंडावर. बाई म्हणायच्या, "उपवास चाळीस दिवस केलात ना? मग आनंद पन्नास दिवस करायचा, पेन्टेकॉस्टपर्यंत, पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंत." रोज त्या दिवसाच्या मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, शुभवर्तमान (बायबलमधला येशूच्या जीवनाचा भाग) वाचायच्या आणि त्यावर एक प्रश्न विचारायच्या. सोमवारी येशूच्या कबरीकडून धावत निघालेल्या स्त्रिया, मंगळवारी कबरीपाशी रडणारी त्याची शिष्या मरिया माग्दालिया, बुधवारी एम्माउस गावाची वाट, जिथे उठलेला येशू दोन शिष्यांना भेटला.

1986 साल, आठवीचा वर्ग, ईस्टरनंतरचा शुक्रवार. योहानाचं शुभवर्तमान, अध्याय 21. रात्रभर जाळं टाकून शिष्यांना काहीच मिळालं नाही, इथे बाई थांबल्या. "रिकामी परतलेली होडी कोणी पाहिली आहे?"

मी वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यातला. अंगाला मासळीचा वास येतो म्हणून शेवटच्या बाकावर बसायचो. त्याच पहाटे बाबा हात हलवत परत आले होते. घरात कोणी कोणाशी बोललं नव्हतं. मी उभा राहिलो आणि तेवढंच सांगितलं. बाईंनी मला पुढे बोलावलं, शेजारी उभं केलं आणि पुढचं वाचलं. जाळं होडीत ओढवेना, म्हणून किनाऱ्यापर्यंत फरफटत आणलं. मी म्हणालो, "बरोबर आहे बाई, एवढी मासळी वर उचलायला गेलं तर जाळं फाटेल."

"आणि एकशे त्रेपन्न मासे मोजले कशाला?"

"मोजल्याशिवाय वाटे कसे पडणार?"

बाईंनी चष्म्याच्या घरातून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि माझं उत्तर बायबलच्या समासात लिहिलं. मग म्हणाल्या, "मरण जिंकून आलेला प्रभू पहिलं काय करतो बघा. रात्रभर राबलेल्यांसाठी विस्तव पेटवतो, मासे भाजतो आणि म्हणतो, या, न्याहारी करा." दुसऱ्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर बसलो.

आज कुवेतमध्ये मेकॅनिकल सुपरवायझर आहे. ईस्टरचे पन्नास दिवस पहाटे ड्यूटीला निघण्याआधी त्या दिवसाच्या वाचनावर चार ओळी लिहितो आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवतो. प्रश्न बाईंच्या पद्धतीचा, एकच. पण माझ्याच पुतण्याला मराठी शुभवर्तमान अडखळत वाचावं लागतं, मराठीचे वर्ग ओस पडत चाललेत, याचं फार वाईट वाटतं.

2024 च्या मे महिन्यात सुट्टीवर आलो तेव्हा बाईंकडे गेलो. नजर गेलेली, साडीही सूनबाई नेसवतात. शुक्रवार होता. त्या दिवशीचं शुभवर्तमान पुन्हा योहान 21, न्याहारीनंतरचं. येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, सांगतो ते मी वाचू लागलो. "तू म्हातारा होशील तेव्हा आपले हात लांब करशील आणि दुसरा कोणी तुझी कंबर बांधील," इथे माझा आवाज अडकला.

बाईंनी चाचपडत माझं मनगट धरलं. "थांबू नकोस रे. पुढे 'माझ्यामागे ये' आहे, ते वाच."