उतारावरची सफरचंदं: एका फांदीवर तीन वयांची फळं

सौम्य हिवाळ्याच्या मुलखात सफरचंदाची बाग बघायची असेल आणि बाग उतारावर असेल, तर चालायला सुरुवात वरच्या टोकाकडून करावी. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा जड होऊन उतारावरून ओघळते आणि तळाच्या खोलगटात साचते. वरच्या आणि तळाच्या ओळींत पहाटे दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात याचं फारसं काही वाटत नाही. जिथे झाडाला लागणारी थंडी जेमतेम पुरते, तिथे मात्र तेवढा फरक झाडाच्या अंगावर दिसतो. म्हणून विरळणी कशी करायची, म्हणजे कुठली आणि किती फळं ठेवून बाकीची काढायची, हे बघायला आम्ही सकाळी लवकर, फुलोरा सुरू होऊन तीन-चार आठवडे झाल्यावर, अगदी वरच्या ओळीत पोचलो आणि तिथून उतरत गेलो.

पहिल्याच झाडापाशी बराच वेळ गेला. मीटरभर लांबीची एक आडवी फांदी हातात धरून शेंड्याकडून बुंध्याकडे बघत आलो. शेंड्याला पानांचा दाट झुबका आणि त्यात गोटीएवढी फळं. व्हर्नियर कॅलिपर लावला, १८ मिमी. वीतभर मागे आलं की ८-९ मिमीची फळं, वाळलेल्या पाकळ्या अजून चिकटलेल्या. त्यामागे दोन गुच्छांत उमललेली पांढरी फुलं आणि त्यांवर मधमाश्या. आणि त्यामागे दीड-दोन वीत नुसतं लाकूड. डोळे, म्हणजे न फुटलेल्या कळ्या, आहेत, पण मुके. नखाने खरवडलं तर आत हिरवं, म्हणजे जिवंत आहेत. जागे मात्र झालेले नाहीत.

ही सगळी अपुऱ्या थंडीची खूण. डोळे नीट जागे व्हायला सफरचंदाच्या बहुतेक जुन्या जातींना हिवाळ्यात सुमारे ७ अंश सेल्सिअसखालचे ८०० ते १००० तास किंवा त्याहून जास्त लागतात. कमी थंडीच्या जाती यासाठीच शोधल्या गेल्या. इस्रायलमधल्या एन शेमेर या किबुत्झमध्ये (सामूहिक शेतवस्तीत) तयार झालेली ‘ॲना’ साधारण ३०० तासांत भागवते, बहामाजमध्ये सापडलेली ‘डॉर्सेट गोल्डन’ तर त्याहून कमी थंडीत फुलते. पण तासांची बेरीज पुरली म्हणजे झालं असं नसतं. हिवाळ्यातल्या उबदार दुपारी, पारा २० अंशांवर गेला की आदल्या रात्री जमलेल्या थंडीचा काही भाग पुसला जातो. मग शेंड्याचे डोळे आधी फुटतात, बाजूचे रेंगाळतात आणि दहा-बारा दिवसांत संपायचा फुलोरा चार-पाच आठवडे लांबतो.

फळांची विरळणी इथे अवघड होते ती या लांबलेल्या फुलोऱ्यामुळे. विरळणीची रसायनं, म्हणजे नॅप्थॅलिन ॲसेटिक ॲसिड किंवा बेंझिलॲडेनिन, फळ साधारण ८ ते १२ मिमीचं असताना नीट काम करतात. पण या फांदीवर कुठला दिवस निवडायचा? १८ मिमीचं फळ फवाऱ्याला दाद देत नाही, ९ मिमीचं गळतं, आणि ज्या फुलाचं फळच झालेलं नाही ते वाचून पुढे गर्दी करतं. म्हणजे ठेवायचं ते जातं आणि काढायचं ते राहतं. वरच्या ओळींसाठी आमचं मत ठाम आहे: इथे फवारणीचा नाद सोडावा आणि हाताने, सात ते दहा दिवसांच्या अंतराने तीन फेऱ्या माराव्यात.

तिन्ही वयांची फळं ठेवण्याचा मोह होतो, कारण प्रत्येक वयाची फळं थोडी-थोडीच दिसतात. ठेवू नयेत. थोरली फळं अन्न आधी ओढतात, धाकटी मागेच राहतात, आणि तोडणीच्या वेळी एकेका झाडापाशी पाच-सहा वेळा यावं लागतं. ज्या वयाची फळं दोन-तीन वर्षांच्या लाकडावरच्या खुरट्या, फळ धरणाऱ्या काड्यांवर सर्वांत जास्त आहेत ते वय मुख्य धरावं, कमी पडली तर त्याच्या शेजारच्या वयातून भर घालावी. तिसऱ्या वयाचं सगळं काढावं, उमललेल्या फुलांसकट. उशिराची फुलं काढायला आणखी एक कारण आहे. ऊबदार, ओलसर हवेत फायर ब्लाइट या रोगाचा जिवाणू मुख्यतः उघड्या फुलातून आत शिरतो. जिथे हा रोग आहे तिथे अशी चुकार फुलं झाडावर ठेवणं म्हणजे दार उघडं ठेवणं.

शेंड्यावरच्या १८ मिमीच्या फळांचं काय, हा प्रश्न उरतो. फांदी शेंड्याशीही बोटाएवढी जाड असेल तर एक ठेवावं. पेन्सिलीएवढी बारीक असेल तर काढावं. फळ भरलं की ती फांदी वाकते, पानांची सावली सरकते आणि फळाची वरची बाजू थेट उन्हात येते. ऊन लागलेल्या फळाच्या सालीचं तापमान ४६ ते ४९ अंशांपर्यंत गेलं की पिवळे-तपकिरी डाग पडतात. हवा ३५ अंशांची असली तरी साल तेवढी तापू शकते.

मधल्या ओळींपर्यंत उतरलो तेव्हा ऊन वर आलं होतं. मुकं लाकूड इथे कमी, फळं जास्त. किती ठेवायची याचं गणित मांडायला ही ओळ सोयीची होती. कलमाच्या जोडापासून वीतभर वर टेप गुंडाळला, घेर २५ सेंमी. घेराचा वर्ग करून १२.५७ ने भागलं की खोडाच्या काटछेदाचं क्षेत्रफळ मिळतं, इथे जवळपास ५० चौरस सेंमी. निरोगी, फळावर आलेल्या झाडाला दर चौरस सेंमीला ४ ते ६ फळं झेपतात. मधला आकडा धरला तर २५० फळं. सरासरी १४० ग्रॅमचं फळ धरलं तर ३५ किलो. हा आकडा कागदावर लिहून झाडाला अडकवावा, नाहीतर दहाव्या झाडापर्यंत डोळा फसायला लागतो आणि प्रत्येकाच्या हातून जास्तच फळं राहतात.

पण हे गणित पूर्ण पानांनी भरलेल्या झाडाचं आहे. खोड जाड असलं तरी फांद्यांचा तिसरा हिस्सा मुका असेल तर तेवढं अन्न तयार करणारी पानंच नाहीत. त्या झाडावर २५० नव्हे, १६५-१७० फळं. सौम्य हिवाळ्यात सर्वांत जास्त नुकसान याच एका चुकीने होतं: ओझं खोडावरून ठरवलं जातं, पानांकडे बघितलंच जात नाही. फळ बारीक राहतं, रंग चढत नाही, आणि पुढच्या वर्षी त्या झाडाला फूल दिसत नाही. पडताळा सोपा आहे. एका फळामागे ३० ते ४० चांगली मोठी पानं हवीत. बुटक्या खुंटावर (कलमाच्या मुळाकडच्या भागावर) वाढलेल्या झाडाला, सगळीकडे ऊन पोचत असेल तर, २० ते २५ पुरतात. एक फांदी निवडून पानं खरंच मोजावीत. पाच मिनिटं लागतात.

फांदीनिहायही हाच हिशेब चालतो. २ सेंमी व्यासाच्या फांदीचा काटछेद ३.१४ चौरस सेंमी, म्हणजे १५-१६ फळं. तिचा तिसरा भाग उघडा असेल तर १०. फांदीवर दोन फळांत १५ ते २० सेंमी अंतर ठेवलं की आकडा बहुतेक जुळतोच. उघड्या भागातली फळं मात्र दाट भागात ‘बसवून’ आकडा पुरा करू नये.

आता एक गुच्छ जवळून. पाच-सहा फळं, मधलं थोरलं, देठ आखूड आणि जाड. तेच आधी उमललेलं फूल, सहसा तेच ठेवायचं. ते वाकडं, किडकं किंवा ओरखडलेलं असेल तर बाजूचं. गुच्छाच्या बुडाशी फुगीर गाठ असते आणि तिच्या बगलेतून एक नवा कोंब किंवा डोळा निघालेला दिसतो. पुढच्या वर्षाची सोय तिथे आहे. डाव्या हाताच्या अंगठ्याने ही गाठ दाबून धरायची आणि टोकदार कात्रीने देठ मधोमध कापायचा. उरलेला देठ आठवड्याभरात आपोआप गळतो. कात्री नसेल तर फळ वरच्या बाजूला वळवून उचलायचं. खाली ओढलं की गाठीसकट सगळं हातात येतं, आणि हा तोटा तेव्हा कळत नाही, वर्षाने कळतो. दोन फळं एकमेकांना टेकलेली ठेवू नयेत. अळीला लपायला नेमकी ती फट हवी असते.

काढलेल्या फळांतली दहा-बारा आडवी कापून बघितली. आत पाच कप्पे, प्रत्येकात दोन, म्हणजे बहुतेक जातींत जास्तीत जास्त दहा बिया. सात-आठ भरल्या असतील तर परागण चांगलं झालं. दोन-तीनच असतील, त्याही एका बाजूला, तर फळ कलतं आणि बहुधा स्वतःच गळतं. लांबलेल्या फुलोऱ्यात हे वारंवार होतं, कारण मुख्य जात फुलते तेव्हा तिला पराग पुरवणारी दुसरी जात फुललेली नसते. अशा बागेत पहिली फेरी हलकी ठेवावी, नैसर्गिक गळ किती होते ते बघावं आणि मगच आकड्यावर यावं. ढगाळ दिवस आणि गरम रात्री लागोपाठ आल्या तरी हात आखडता घ्यावा. पानांत अन्न कमी बनतं, रात्रीच्या उष्म्यात झाड ते जास्त खर्च करतं, आणि फळं आपोआप झडतात.

उशीर मात्र परवडत नाही. फुलोऱ्यानंतर सुमारे महिनाभर फळातल्या पेशींची संख्या वाढत असते, पुढे त्या नुसत्या फुगतात. त्याच सुमारास पुढच्या वर्षीच्या फुलांची घडण सुरू होते आणि कोवळ्या बियांतली जिबरेलिनं (वाढीची संप्रेरकं) ती अडवतात. म्हणून पहिल्या चार आठवड्यांतली विरळणी दोन्ही वर्षांना उपयोगी पडते, दोन महिन्यांनंतरची फक्त फळाच्या आकाराला, तीही थोडीच. उशिरा एकदम जास्त फळं काढली तर आजवर सावलीत वाढलेली फळं उघडी पडून भाजतात, हे वेगळंच.

याच ओळीच्या शेवटी उलट चूक दिसली. झाडावर जेमतेम ४० फळं, आणि वर मीटरभर उंचीचे सरळसोट कोंब. उबदार प्रदेशात वाढीचा हंगाम लांब असतो, फळ हाच झाडाच्या वाढीला लगाम असतो. फळं फार कमी ठेवली की झाड लाकूड वाढवत बसतं, आणि जी थोडी फळं राहतात ती फार मोठी होऊन कॅल्शियमअभावी सालीखाली तपकिरी, कडवट खड्डे धरतात. लागवडीनंतर पहिल्या दोन वर्षांत सगळी फळं काढणं योग्यच. तिसऱ्या वर्षी, खोडाचा घेर १२-१३ सेंमी आणि वाढ जोमदार असेल, तर चौरस सेंमीला ३ या हिशेबाने ३५ ते ४० फळं ठेवावीत.

तळाच्या खोलगटात पोचलो तेव्हा बाग बदललेलीच होती. फांद्या बुडापासून पानांनी भरलेल्या, फळं ९ ते १२ मिमीत एकसारखी. इथे एकच नेटकी फेरी पुरते, आणि फवारणी करायचीच तर ती इथे.

त्यांत एक झाड मात्र रोडावलेलं. आदल्या हंगामात तोडणीनंतर पाण्याचा ताण पडून त्याची पानं अकाली गळली होती, आणि शरदात ते पुन्हा फुललं होतं. त्याच्या खुरट्या काड्यांवर अजून वाळकी, बोराएवढी फळं लटकत होती. असा अवकाळी फुलोरा दिसला की फुलं तिथल्या तिथे खुडायची. खर्ची पडलेले डोळे परत येत नाहीत, पण साठवलेलं अन्न तरी वाचतं. इंडोनेशियातल्या जावा बेटावर बातू गावाच्या सफरचंदाच्या बागांत तोडणीनंतर मुद्दाम हाताने पानं काढून वर्षात दोन पिकं घेतात, पण तिथे हिवाळाच नाही आणि सगळी मशागत त्या चक्रावर बेतलेली असते. इथल्या या झाडाला त्या हंगामापुरती चौरस सेंमीला २ फळं, वाळकी फळं वेचून बागेबाहेर, आणि तोडणीनंतरही पाणी चालू.