तुमचा तळमजला कुठला?

चीनमधल्या चोंगचिंग शहरात कुणाला भेटायचं ठरलं, तर रस्ता आणि चौक सांगून भागत नाही. मजलाही सांगावा लागतो.

मी एका सेमिस्टरसाठी चेंगदूला शिकायला आले आहे. १ ऑक्टोबरला चीनचा राष्ट्रीय दिन, त्याला जोडून आठवडाभर सुट्टी, आणि हायस्पीड ट्रेनने चोंगचिंग जेमतेम दीड तासावर. या आठवड्यात बाहेर पडू नकोस, अख्खा चीन रस्त्यावर असतो, असं वसतिगृहात सगळ्यांनी बजावलं होतं. ते खरंही निघालं. पण गणपतीत लक्ष्मी रोडवरून चाललेल्या माणसाला गर्दीचं काय कौतुक?

गर्दीचं सोडा, या शहरात जमीनच एका जागी राहत नाही. यांगत्से आणि ज्यालिंग या दोन नद्यांच्या बेचक्यात, डोंगराच्या अंगाखांद्यावर जुनं शहर वसलंय. फोनवरच्या नकाशात माझं हॉस्टेल पन्नास मीटरवर दिसत होतं. अंतर बरोबर होतं, फक्त ते सगळं डोक्यावर होतं.

ख्वेशिंग नावाची एक इमारत आहे. रस्त्यावरून सपाट चालत आपण तिच्यासमोरच्या चौकात येतो, लोक निवांत फोटो काढत असतात. सहज कठड्याशी जाऊन खाली डोकावलं की पोटात गोळा येतो, कारण खालच्या रस्त्यावरून मोजलं तर आपण बाविसाव्या मजल्यावर उभे असतो. तिथेच एक डिलिव्हरीवाला पिशवी हातात धरून फोनवर वैतागला होता. माझ्या तोडक्यामोडक्या चिनीतही एवढं कळलं, की तो विचारतोय, ‘तुमचा पहिला मजला कुठला, वरचा की खालचा?’

अशा गावात जिना हाच रस्ता असतो आणि लिफ्ट ही बस. हे मी उगाच म्हणत नाही. इथे लिफ्टला तिकीट आहे! खालची वस्ती आणि वरची वस्ती जोडणारी एक सार्वजनिक लिफ्ट १९८०च्या दशकापासून चालू आहे. मेट्रो स्टेशनजवळ ११२ मीटर लांबीचा सरकता जिना आहे, त्याचे दोन युआन. ऑफिसला निघालेले लोक त्यावर चढून डोळे मिटून घेतात. मला हे फार आवडलं. गुडघ्यांची काळजी घेणं हे नगरपालिकेचं काम आहे, असं मानणारं शहर निदान एक तरी आहे.

पूर्वी हे काम ‘बांगबांग’ करायचे, म्हणजे खांद्यावर बांबू टाकून ओझी वाहणारे हमाल. आता फार कमी उरलेत. चाओत्यानमन धक्क्याजवळ एक दिसले, साठीच्या पुढचे. बांबूच्या दोन्ही टोकांना खोकी लटकलेली. पायरी न चुकवता, चाल न मोडता त्यांनी मान थोडी खाली घातली आणि बांबू मानेमागून फिरवून दुसऱ्या खांद्यावर घेतला. बांबू मधोमध घासून गुळगुळीत झाला होता. हे बघायला मात्र कुणी थांबत नाही.

लोक थांबतात ते लिझिबाला. तिथे मोनोरेल १९ मजली इमारतीच्या सहाव्या ते आठव्या मजल्यातून आरपार जाते. खाली मुद्दाम बांधलेल्या कट्ट्यावर शेकडो माणसं आ वासून उभी, कारण नेमक्या कोनातून फोटो काढला की गाडी तोंडात शिरल्यासारखी दिसते. मी उलट बाजूने, गाडीत बसून तिथे गेले. शेजारच्या बाई कांद्याच्या पातीची जुडी मांडीवर घेऊन पेंगत होत्या. इमारत आली, गेली, त्यांनी मान वर केली नाही. चेंबूर-वडाळ्याची मोनोरेल आठवून मला जरा असूयाच वाटली.

डोंगर आहे म्हणून बोगदेही आहेत. जपानशी युद्ध चालू असताना चोंगचिंग चीनची राजधानी होती आणि बॉम्बहल्ल्यांपासून वाचायला लोकांनी कातळात भुयारं खोदली. त्यांतल्या काहींत आता हॉटपॉटची हॉटेलं आहेत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि त्यांचे भारतीय सहकारी युद्धातल्या जखमींवर उपचार करायला १९३८च्या अखेरीस याच शहरात आले आणि इथून पुढे येनानला, चिनी कम्युनिस्टांच्या तळावर गेले. तेव्हा ना सरकता जिना होता ना लिफ्ट. त्यांच्याही पोटऱ्या भरून आल्या असणार.

माझ्या पोटऱ्यांवरचा उपाय म्हणजे ‘श्याओम्येन’, इथला सकाळचा नाश्ता. फूटपाथवर प्लास्टिकचं उंच स्टूल हे टेबल आणि बुटकं स्टूल ही खुर्ची. गुडघे छातीशी घेऊन बसायचं. वाडग्यात लाल तेल, लसूण, शेंगदाणे, नुडल्स, आणि वर ‘ह्वाज्याव’ची पूड. पहिल्याच घासाला जीभ बधिर झाली आणि मी थेट वेंगुर्ल्याच्या स्वयंपाकघरात पोचले. तिरफळ! झाड वेगळं, पण कूळ एकच. लगेच फोटो काढून आजीला पाठवला आणि हे तिखट म्हणजे चिनी तिरफळ आहे असं लिहिलं. तिचा व्हॉइस मेसेज आला, ‘तिरफळ ठीक आहे गो, पण बांगडो खंय?’