75 सेंटिमीटरची खुर्ची

माझं वर्कशॉप सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, पत्र्याची शेड ही रोजची कामं. आजूबाजूला टॉवेलचे कारखाने, त्यामुळे मागाचा एखादा ब्रॅकेट तुटला तर तोही जोडायला इथंच येतो. आप्पा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते, माझ्या हातात पहिला पाना त्यांनीच दिला. एवढं आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं एका लोखंडी खुर्चीबद्दल आहे आणि ती खुर्ची मी दोनदा चुकवली.

मागच्या मार्चमध्ये भर दुपारी दारात स्कूटर थांबली. मागं जोडचाकं लावलेली. उतरलेल्या माणसानं आधी माझ्या रॅकमधले पाइप नीट बघून घेतले, मग म्हणाला, "मालक, खुर्ची करून पाहिजे. गोळा फेकायची."

मोहोळ तालुक्यातले, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. काश्मीरमध्ये गस्तीवर असताना सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये कृत्रिम पाय बसवला. लष्कराचं हे केंद्र 1944 पासून हेच काम करतंय. चहा येईपर्यंत त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. नागालँडचा जवान, होकाटो होतोझे सेमा. 2002 मध्ये सुरुंगात पाय गमावलेला, 2016 मध्ये, म्हणजे बत्तिसाव्या वर्षी, गोळा हातात घेतलेला. 2024 ला पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये एफ57 या बसून फेकणाऱ्यांच्या गटात त्यानं 14.65 मीटर गोळा टाकला आणि कांस्य आणलं. खुर्चीत बसून! हवालदारसाहेबांनी तो व्हिडिओ माझ्यासमोर चार वेळा बघितला. चौथ्यांदा म्हणाले, "माझा खांदा अजून चांगला आहे."

त्यांनी सोबत वहीचा एक कागद आणला होता, त्यावर पेनानं काढलेलं चित्र आणि बाजूला नियम. बैठकीची उंची 75 सेंटिमीटरच्या वर नको. धरायचा दांडा सरळ हवा. खुर्चीचा कुठलाच भाग हलता कामा नये. फेकताना माणसाची बैठक सीटवरून सुटता कामा नये, सुटली की तो थ्रो बाद.

मला काम सोपं वाटलं, आणि तिथंच चुकलो. सांगाडा बरोबर 75 चा केला आणि वर दोन इंची फोम टाकून रेक्झिन मारलं. नियमातली उंची गादीसकट मोजतात, हे कागदावर होतं, मी वाचलं नव्हतं. दांड्याला वर थोडा बाक दिला, कठड्याला देतो तसा, हाताला बरा पडावा म्हणून. बाक चालत नाही, दांडा एकसलग सरळच लागतो. पाइप एक इंची, 16 गेजचा, म्हणजे पातळ, वापरला होता. साहेबांनी बसून नुसता झोका दिला तर सांगाडा थरथरला. ते काही बोलले नाहीत. दांड्यावर हात ठेवून दोनदा मागं-पुढं झाले आणि माझ्याकडं बघितलं.

दुसरी खुर्ची दीड इंची, 14 गेजच्या जाड चौकोनी पाइपची केली. प्रत्येक सांध्याला तिरका आधार दिला. खुर्चीचे पाय कापून गादीसकट उंची 74 वर आणली, एक सेंटिमीटर हातचा राखला. कृत्रिम पाय काढून बसायचं, म्हणून डाव्या मांडीला पट्टा आणि उजव्या पायाला फूटप्लेट. वजन सव्वीस किलो भरलं. ट्रकवाले माल आवळायला वापरतात ते रॅचेट बेल्ट चार कोपऱ्यांना लावायचे आणि खुर्ची जमिनीला बांधून टाकायची.

जमिनीचा विचार मात्र मी केलाच नाही. ही दुसरी चूक, आणि ती माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

सोलापूरची काळी माती मे महिन्यात कशी होते ते इथल्या माणसाला सांगायला नको. हात जाईल एवढ्या भेगा. एका शाळेच्या मैदानावर सकाळी सहाला गेलो, दीड फुटी खुंट्या ठोकल्या, बेल्ट आवळले. साहेबांनी डाव्या हातानं दांडा धरला, उजव्या हातात चार किलोचा गोळा हनुवटीखाली. त्यांचा दम घेण्याचा आवाज मला दहा फुटांवर ऐकू येत होता. पहिला थ्रो सात मीटरच्या आसपास, दुसरा थोडा पुढं. तिसऱ्याला मागची खुंटी भेगेतून अलगद वर आली, दाताची मुळी सैल व्हावी तशी, आणि खुर्ची त्यांच्यासकट उजवीकडं कलंडली.

मी धावलो. कोपर सोलवटलं होतं, रक्त येत होतं, पट्ट्यात अडकलेली मांडी तशीच वर राहिली होती. मला बोलायला सुचेना. ते आडवे पडूनच म्हणाले, "मला नंतर उचला. आधी खुंटी बघा, किती खोल होती."

चार दिवसांनी तिथं चार खड्डे घेतले, प्रत्येकी दोन फूट खोल, काँक्रीट भरलं आणि त्यात लोखंडी हुक बसवले. मुख्याध्यापकांची एकच अट होती, पोरं खेळताना अडखळता कामा नयेत. म्हणून हुक जमिनीच्या खाली, पाइपच्या तुकड्यात ठेवले आणि वरून झाकण घातलं. आता खुर्ची बांधली की अंगाचा सगळा जोर लावला तरी हलत नाही. मी स्वतः लावून बघितलाय.

पाइप, बेल्ट, रेक्झिन, सिमेंट सगळं मिळून मालाचे 9,400 रुपये झाले. मजुरी मी धरली नाही.

या 9,400 रुपयांसाठी साहेबांनी जी फाइल केली, तिच्याबद्दल लिहायलाच हवं. ते एका कार्यालयात गेले. तिथल्या माणसांनी नीट वागवलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. माजी सैनिकांना मुलांच्या शिक्षणाला मदत मिळते, मुलीच्या लग्नाला मिळते, अपंगांना स्कूटरला मिळते. गोळाफेकीच्या खुर्चीला मात्र खर्चाचं शीर्षकच सापडेना. मग सांगितलं, तीन कोटेशन आणा, जीएसटी नंबरसह, वर पाठवून बघू. एक माझं. दुसरी दोन कुठली आणायची? ही खुर्ची सोलापुरात दुसरं कोणी करतच नाही. शेवटी शेजारच्या दोन फॅब्रिकेटर्सना मी माझंच ड्रॉइंग दिलं, त्यांनी बघून आपापले दर लिहिले. फाइल वर गेली. मे गेला, पाऊस आला, उत्तर आलं नाही.

पॅरिसच्या कांस्यपदकाला केंद्र सरकारनं 30 लाख रुपये दिले. द्यायलाच हवेत, त्यात एक रुपयाही जास्त नाही. पण ते पदक गळ्यात पडल्यावरचे. खुर्ची पदकाच्या कितीतरी वर्षं आधी लागते, आणि त्या वेळी माणूस एकटा असतो. सेवेत असलेल्या जखमी जवानांसाठी खडकीला लष्करानं 2017 मध्ये आर्मी पॅरालिम्पिक नोड हे प्रशिक्षण केंद्र सुरू केलं, सेमा तिथंच घडला. निवृत्त होऊन गावी आलेल्यानं कुठं जायचं?

आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर बघा. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, 1972 ला जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण जिंकलं. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये, अर्जुन पुरस्कार हातात पडला 2025 च्या जानेवारीत. मधली वर्षं मोजली की मला राग येतो.

रात्री वर्कशॉप बंद केल्यावर मी इतर देशांत काय करतात ते वाचत बसलो. या खेळांची सुरुवातच मुळी सैनिकांपासून झाली. 1948 मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलात डॉक्टर लुडविग गटमन यांनी पाठीचा कणा दुखावलेल्या 16 माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी. अमेरिकेत माजी सैनिकांचं खातं दरवर्षी अशा खेळांसाठी अनुदान देतं. ते सैनिकाच्या हातात देत नाही, खेळ चालवणाऱ्या संस्थांना देतं. अर्ज, हिशेब, अहवाल सगळं संस्थेनं करायचं. साहित्य त्यातून, प्रशिक्षक त्यातून. सैनिकानं फक्त मैदानावर यायचं. मला ही गोष्ट फार पटली. एका पायावर उभं राहून माणसानं तीन कोटेशन गोळा करत फिरू नये. आपल्याकडं 1949 पासून दर 7 डिसेंबरला सैनिकांच्या मदतीसाठी ध्वजदिन पाळतात, शाळेत असल्यापासून मीही डब्यात पैसे टाकतोय. त्यातला थोडा भाग जिल्ह्यातल्या एखाद्या क्रीडा मंडळाला चार खुर्च्या आणि एका प्रशिक्षकासाठी मिळाला, तर मोहोळ, बार्शी, मंगळवेढ्याच्या किती घरांतून माणसं बाहेर येतील! घरात बसून राहणं काय असतं ते साहेबांनी मला एकदाच सांगितलं. अकरा वर्षं ते गावच्या जत्रेलाही गेले नव्हते. आता रविवारी पहाटे पाचला त्यांचा फोन येतो, "मालक, टेप घेऊन या."

टेप माझीच, स्टीलची, तीस मीटरची. मागच्या रविवारी 9 मीटर 12 सेंटिमीटर भरलं. त्यांनी मला दुसऱ्यांदा मोजायला लावलं, मी मोजलं, तेवढंच भरलं.

सध्या तिसऱ्या खुर्चीचे पाइप कापून ठेवलेत. बार्शीकडचे एक माजी नाईक आहेत, त्यांचे दोन्ही पाय गेलेत, म्हणून फूटप्लेट नाही आणि पट्टे कमरेला. ड्रॉइंग भिंतीवर खडूनं काढलंय, माप त्यांना बसवूनच घेतलं. या वेळी गादी आधी शिवून घेतली, सांगाडा नंतर.