सर्दी लांबली की रात्र सांभाळा

साधं पडसं सात ते दहा दिवसांत उतरतं. त्यामागून येणारा खोकला तीन आठवडेही रेंगाळतो. त्यामुळे आठव्या-नवव्या दिवशी नाक चोंदलेलं आणि अंग गळून गेलेलं असलं तर लगेच घाबरायचं कारण नाही. पण या दिवसांतला बराचसा थकवा मोडलेल्या झोपेचा आणि गोळ्यांच्या गुंगीचा असतो. दिवसभर काढे पिऊन रात्र तशीच तळमळत काढली तर तो हटत नाही, म्हणून उपायांची सुरुवात रात्रीपासून करावी.

नाक बंद होतं ते मुख्यतः सुजेमुळे, शेंबूड त्यानंतर. नाकाच्या आतल्या भिंतींवर मांसल उंचवटे असतात. विषाणूशी झुंज चालू असताना त्यांतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि हवेची वाट अरुंद होते. म्हणूनच कितीही जोर लावून शिंकरलं तरी कधीकधी काहीच बाहेर येत नाही. दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरून जोर केला तर शेंबूड उलटा सायनसमध्ये, म्हणजे गाल-कपाळाच्या हाडांतल्या पोकळ्यांत, ढकलला जातो आणि कानात दडे बसतात. एक नाकपुडी बंद ठेवून दुसरी हलकेच शिंकरावी. आडवं झालं की ही सूज वाढते, आणि ज्या कुशीवर झोपता ती खालची बाजू आधी चोंदते. उशीवर उशी चढवली तर नुसती मान मुडपते. त्यापेक्षा गादीखाली घडी केलेली चादर सरकवून खांद्यापासूनच उंची द्यावी.

झोपण्याच्या तासभर आधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं हा माझ्या मते सगळ्यांत भरवशाचा उपाय. पाणी मात्र खळखळ उकळून कोमट केलेलंच हवं. नळाचं किंवा टाकीचं पाणी तसंच नाकात घालू नये. त्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाच्या मेंदूज्वराचे रुग्ण सापडले, तेव्हा ही भीती पुस्तकी नाही. पाव लिटर पाण्याला साधारण सव्वादोन ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे लहान चमचा पावाहून थोडा जास्त आणि अर्ध्याहून कमी. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर चुरचुर कमी होते. बेसिनवर वाकून मान एका बाजूला कलती करायची, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्यायचा आणि वरच्या नाकपुडीत पाणी सोडायचं. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येतं. झोंबलं तर बहुतेक वेळा मिठाचं प्रमाण चुकलेलं असतं किंवा पाणी गार झालेलं असतं. पाणी पलीकडे जातच नसेल तर दाब वाढवू नका, ते कानाकडे जाईल. शेवटी पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवूनच हलका उच्छ्वास सोडा.

वाफाऱ्याने घटकाभर बरं वाटतं, पण सर्दीचे दिवस त्याने कमी होत नाहीत. लहान मुलांना उकळत्या पातेल्यापुढे बसवू नका. त्या पाण्याने मुलं भाजतात. बाममधल्या मेन्थॉलने नाकातली थंडाव्याची जाणीव चाळवते आणि नाक उघडल्यासारखं वाटतं. वाट असते तेवढीच. तरीही त्या आरामावर झोप लागत असेल तर छातीला जरूर चोळा, नाकाच्या आत लावू नका आणि दोन वर्षांखालच्या मुलांना अजिबात नको.

नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब काही मिनिटांत सूज उतरवतात, आणि घोटाळा इथेच होतो. तीन ते पाच दिवसांच्या पुढे वापरले की त्यांचा असर ओसरताच सूज परत येते. माणूस पुन्हा थेंब घालतो आणि सर्दी गेली तरी नाक बंदच राहतं. दुसरा आठवडा उलटूनही थेंबांशिवाय झोप येत नसेल तर आधी संशय त्यांच्यावरच घ्या. सोडवताना एका नाकपुडीतले आधी बंद करा. ती मोकळी राहू लागली की दुसरीतले. रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय सुरूच करू नयेत.

आता गोळ्या. सर्दीच्या मिश्र गोळीत सहसा तापासाठी पॅरासिटामॉल, नाक मोकळं करायला फिनाइलेफ्रिन आणि शिंका-वाहतं नाक थांबवायला क्लोरफेनिरामिन असतं. क्लोरफेनिरामिनने गुंगी येते, तोंड कोरडं पडतं आणि दुसऱ्या दिवशी डोकं जड राहतं. हा थकवा आजाराचा समजून लोक आणखी एक गोळी घेतात! पोटातून घेतलेल्या फिनाइलेफ्रिनचा चोंदलेल्या नाकावर उपयोग होत नाही, असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. शिवाय ही गोळी चालू असताना तापासाठी वेगळं पॅरासिटामॉल घेतलं तर मात्रा नकळत दुप्पट होते. पाकिटामागचे घटक वाचाच. शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिकही सुरू करू नये. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो.

ताप उतरल्यावर लगेच पूर्ण व्यायामाकडे वळू नका. नेहमीच्या निम्म्या अंतराने चालायला सुरुवात करा आणि दुसऱ्या दिवशी अंग जास्त मोडलं तर आणखी कमी करा. दुपारी झोपायचंच असेल तर तीनच्या आत, अर्ध्या तासापुरतं. चहा संध्याकाळनंतर टाळा.

शिंका एकामागून एक येत असतील, डोळे-नाक खाजत असेल, पाणी पातळ वाहत असेल आणि ताप नसेल तर ती ॲलर्जी असू शकते. तिचे उपाय वेगळे. दहा दिवसांत काहीच उतार नाही, किंवा बरं वाटू लागल्यावर पुन्हा ताप येऊन गाल-कपाळ ठणकू लागलं, तर सायनसचा जंतुसंसर्ग तपासून घ्यावा. डोळ्याभोवती सूज, धूसर दिसणं, मान ताठणं किंवा धाप लागणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आपल्याकडे क्षयासाठी थुंकी तपासतात, आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. नाक मोकळं होऊनही महिनाभर थकवा राहिला तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ बघायला सांगा. शाकाहारी घरांत बी-१२ हमखास विसरलं जातं. जाताना घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि नाकाचे थेंब सोबत न्या, थेंब किती दिवस चालू आहेत तेही सांगा.