फेविकॉल ठेवा बाजूला, टाका घाला

आमच्या यवतमाळकडे घरोघरी महालक्ष्म्या बसतात त्या नीट पाहा एकदा. मुखवटा मातीचा नाहीतर पितळेचा, खाली शिवलेलं धड, वरून साडी, न आता तर बाजारात हात प्लास्टिकचेबी मिळून राहिले. म्हणजे कापड न माती न प्लास्टिक एकत्र बसवायचं काम आपल्या बाया कधीपासून करतात.

मी बाहुल्या करते, डोकं न हातपाय मातीचे, अंग कापडाचं. सगळं अडतं ते सांध्यावर. बहुतेक जण तिथं फेविकॉल ओततात न मोकळे होतात, पण कापड पावसाळ्यात ओल धरते, सैल पडते, परत आखडते, आणि भाजलेली माती काही हलत नाही, मग गोंद सुटतो. टाक्याला थोडी ढील असते म्हणून तो टिकते.

फक्त टाक्याचं भोक आधीच ठरवावं लागते बाप्पा. माती अगदी ओली असताना टोचलं तर कडेला फुगवटा येतो, वाळल्यावर टोचलं तर टवका उडतो. मधली वेळ धरायची, माती चामड्यासारखी झाली की रिकाम्या रिफिलीनं आरपार भोक पाडायचं, कडेपासून निदान 5 मिमी आत, आणि भोकाची कड ओल्या बोटानं गोल करायची. काहून, तर धारदार कड दोरा कापते. माती वाळून भाजेपर्यंत साधारण 10 टक्के आकसते, भोकबी त्यासोबत लहान होते, म्हणून दोरा दोनदा जाईल एवढं मोठं ठेवा. दोऱ्याला मेण लावाच.

मातीचं म्हणाल तर आपली काळी माती कापसाला सोन्यासारखी, पण मूर्तीला एकटी चालत नाही, ओली फुगते न वाळली की भेगाळते. नाल्याची चिकणमाती घ्या, थोडी रेती टाका, आणि पिंजलेला कापूस कुटून मिसळा, तंतूंनी तडे कमी जातात. हा कापूस कुंभाराच्या आव्यात, म्हणजे भट्टीत, जळून जातो, पण तोवर त्याचं काम झालेलं असते. जर्मनीत ड्रेस्डेनच्या बाहुल्यांचे झालरीचे घागरे असेच होतात, खरी लेस पातळ चिनी मातीत बुडवून भाजतात, लेस जळते न तिची जाळी मातीत उरते. मला तर ते पाहूनच वेड लागलं होतं!

आव्याची सोय नसेल तर पॉलिमर क्ले आहे, महाग आहे पण. ती माती नाहीच, पीव्हीसी प्लास्टिक, ओव्हनमध्ये 110 ते 130 डिग्रीला पक्की होते. तेवढ्या उष्णतेला सुती कापड जळत नाही, म्हणून कापडाची कड क्लेमध्ये दाबूनच भाजता येते. खताच्या पोत्याचं मात्र तसं करू नका, ते पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक, 160 डिग्रीच्या आसपास वितळते न त्याआधीच मऊ पडते. ते नंतरच शिवायचं. प्लास्टिकला सुईचं भोक पडलं की पडलं, बारीक टाके जवळजवळ घातले तर त्याच ओळीत फाटत जाते, म्हणून दाभणानं लांब लांब टाके, मागून जुन्या लुगड्याची पट्टी. कापलेली कड अगरबत्तीनं हलकेच डागली की धागे निघत नाहीत, खिडकी उघडी ठेवून करा, वास लय घाण येतो.

यंदा महालक्ष्म्यांची धडं पोत्याचीच शिवून पाहणार आहे, आत चिंध्या भरून. मुखवट्याला मागून चार भोकं ठेव म्हणून कुंभारदादाला सांगून आली, तो हसला, पण ठेवतो म्हणे.