'हिज'ची गाठ: आपला-कसोटी चालली, मग अडली

इंग्रजी सर्वनाम वाक्यातल्या कोणत्या नावाकडे जातं हे शोधताना मागच्या नोंदीत 'हिज'पाशी गाडी अडली होती. आता अर्धी गाठ सुटली आहे.

वाक्य तेच जुनं: 'रमेश गेव्ह सुरेश हिज चादर.' चादर कोणाची? दोघेही पुरुष, दोघेही एकवचनी, त्यामुळे लिंग-वचन जुळवून काही हाती लागत नाही. 'जवळचं नाम धरा' सांगणारी गाइडं बाण सुरेशकडे नेतात. तो नियम नाही, अंदाज आहे.

उपाय मराठीत निघाला. 'आपली चादर दिली' म्हटलं की रमेशची. 'त्याची' म्हटलं की सुरेशची, नाहीतर तिसऱ्याच कोणाची. इंग्रजीचं 'हिज' हे सगळं एकाच पिशवीत कोंबतं. म्हणून 'हिज', 'हर', 'देअर' दिसलं की लाल पेनाने गोल करा, वर 'आपला' आणि 'त्याचा' दोन्ही लिहून वाचा. दोन्ही चालले तर वाक्य संदिग्ध. नाव पुन्हा लिहा. फोनमधला व्याकरण-तपासनीस इथे गप्प बसतो, कारण जुळणी चुकलेलीच नसते.

आता अडलं ते. 'रमेश अँड हिज ब्रदर वेंट टू द गड्डा.' (गड्डा म्हणजे सोलापूरची जत्रा.) याचं 'रमेश आणि आपला भाऊ गड्ड्याला गेले' केलं की भाऊ बोलणाऱ्याच्या घरचा होतो! 'त्याचा भाऊ'च लागतं. 'आपला' वाक्याच्या कर्त्याला धरतो. तो स्वतःच कर्त्याच्या पोटात शिरला की धरायला कोणी उरत नाही. म्हणजे कसोटी कर्मात चालते, कर्त्यात नाही.

दुसरा खड्डा 'की'चा. 'रमेश सुरेशला म्हणाला की आपली चादर फाटली.' रमेशची, की दोघांची? इथे कसोटी सोडा, इंग्रजीत थेट अवतरण करा. 'माय' की 'युअर' की 'अवर', ठरवल्याशिवाय पेन पुढे सरकतच नाही.

बाकी मराठीतलं स्त्रीलिंग धरून खुर्चीला इंग्रजीत 'शी' म्हणणं बंद झालं. तेवढं तरी पदरात.

पुढे 'विच' घ्यायचं होतं, पण आधी संगणकशास्त्रज्ञ टेरी विनोग्राड यांच्या १९७२च्या वाक्य-जोडीचं आज प्रचलित असलेलं रूप घेऊ: नगरसेवकांनी निदर्शकांना परवानगी नाकारली, 'बिकॉज दे फिअर्ड व्हायलन्स' (कारण ते हिंसेला घाबरत होते). 'फिअर्ड'च्या जागी 'ॲडव्होकेटेड' (पुरस्कार करत होते) टाका, 'दे' नगरसेवकांवरून उडून निदर्शकांवर बसतं. मराठीत दोन्हीकडे 'ते'च येतं, म्हणजे आपली कसोटी इथे आंधळी. आता लाल गोलाशेजारी क्रियापदाखाली हिरवी रेघ ओढून बघायची.